अक्षरासोबत अर्थ, आकड्यासोबत संख्या

दर जूनमध्ये प्राथमिक शाळेत वर्गवाटप होतं, तेव्हा पहिलीचा वर्ग बहुधा शेवटी उरतो. वरच्या वर्गांना अनुभवी शिक्षक हवेत, शिष्यवृत्तीची तयारी करून घ्यायची असते. पहिलीला काय, अ-आ-इ-ई आणि एक ते शंभर! असा समज शाळेत आहे, तसाच तो घरीही आहे. हा समज खोडून काढण्यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं आहे.

सहा वर्षांचं मूल या एका वर्षात दोन अवघड गोष्टींना हात घालतं. तोंडातून निघताच विरून जाणारी भाषा कागदावरच्या खुणांत ओळखायची, ही एक. आणि समोरच्या वस्तू किती आहेत हे त्या वस्तूंपासून वेगळं काढून एका आकड्यात बसवायचं, ही दुसरी. बोलणं मूल घरच्यांचं ऐकत, त्यांच्याशी बोलत शिकतं. वाचणं आणि लिहून हिशेब करणं तसं आपोआप येत नाही. लिपी आणि अंकलेखन हे माणसाने फार उशिरा लावलेले शोध आहेत आणि प्रत्येक मुलाला ते कुणीतरी शिकवावे लागतात. ते शिकवणारी व्यक्ती म्हणजे पहिलीची बाई किंवा पहिलीचे गुरुजी. त्यांच्या कामाला जेवढं ज्ञान लागतं, तेवढं आपण त्यांना क्वचितच देतो.

या प्रस्तावनेत सांगायचं आहे ते थोडक्यात असं: पहिलीत अक्षर आणि अर्थ यांची फारकत करता कामा नये, आकडा आणि संख्या यांचीही नाही. ‘आधी अक्षरं पक्की होऊ देत, अर्थाचं नंतर बघू’ किंवा ‘आधी शंभरपर्यंत पाठ होऊ दे, समजेल हळूहळू’ या दोन वाक्यांनी आपल्याकडे किती मुलांचं शिकणं खुंटलं असेल, याची मोजदाद नाही. आणि हे दोन्ही सोबत शिकवायचं, तर मराठी लिपी आणि मराठी संख्यानामं मुलापुढे कोणते विशिष्ट पेच टाकतात, ते शिक्षकाला ठाऊक असायला हवं. ते पेच इंग्रजीच्या पुस्तकांत सापडत नाहीत.

आधी वाचनाकडे पाहू. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६मध्ये वाचनाची एक साधी मांडणी केली. लिहिलेलं उलगडून त्याचा उच्चार करता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं, या दोन क्षमतांचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल, तर वाचनही शून्य. पहिलीच्या वर्गाला ही मांडणी लावून पाहिली की दोन प्रकारची मुलं लगेच डोळ्यांसमोर येतात. एक मूल गोष्ट ऐकताना रंगून जातं, पुढे काय होणार ते अचूक सांगतं, पण पुस्तक हातात दिलं की चित्रावरून अंदाजाने बोलू लागतं. दुसरं मूल ‘क ला काना का, क, ड ला दुसरी वेलांटी डी’ असं म्हणत ‘काकडी’पर्यंत पोचतं आणि शब्द पुरा झाल्यावर तोंडाकडे पाहत राहतं, कारण तिथवर येईतो सुरुवात हरवलेली असते. या दोघांना वेगवेगळी मदत हवी. वर्गात मात्र दोघांनाही फळ्यावरचं उतरवून काढायला सांगितलं जातं. वळणदार अक्षरात भरलेली वही घेऊन बसलेलं आणि त्यातला एकही शब्द वाचू न शकणारं मूल हे आपल्या शाळांतलं नेहमीचं दृश्य आहे.

देवनागरीचा स्वभाव समजून घेतला तर यातल्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो. इंग्रजीत सव्वीस अक्षरं आहेत आणि त्यांचे उच्चार बेभरवशाचे आहेत. मराठीत उच्चार बऱ्यापैकी भरवशाचे, पण ओळखायच्या आकृती शेकड्यांनी. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, आता चौदाखडी, शिवाय जोडाक्षरं. कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी दाखवून दिलं आहे की अशा अक्षरलिपीत अक्षरं शिकण्याचं काम चौथीपर्यंत आणि त्यापुढेही चालू राहतं. पहिलीत सगळं उरकण्याची घाई लिपीच्या प्रकृतीलाच मानवत नाही.

बारकावे तर पुष्कळ आहेत. ‘पिशवी’तली पहिली वेलांटी लिहायची प च्या आधी आणि उच्चारायची नंतर. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, पण रफार बसतो य च्या डोक्यावर. तोच र ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये आणखी वेगळा दिसतो, ‘दुसऱ्या’मध्ये पुन्हा रूप बदलतो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च सारखा लिहितात, उच्चार सारखा नाही. ‘जेवण’ आणि ‘जाळं’ यांतल्या ज चंही तसंच. ‘घर’ लिहिताना दोन पूर्ण अक्षरं लिहायची आणि बोलताना शेवटचा र अर्धवट तोडायचा. मोठ्यांना हे जाणवतही नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. मुलाला मात्र यातली प्रत्येक गोष्ट नव्याने कळावी लागते, आणि ती कुणीतरी ठरवून दाखवली तर लवकर कळते.

म्हणून अक्षरं कोणत्या क्रमाने घ्यायची, हा पहिलीतला मोठा निर्णय ठरतो. वर्णमालेचा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने अतिशय सुंदर आहे, पण तो वाचायला शिकण्यासाठी लावलेला नाही. ‘ग म भ न’ हा जुना क्रम अक्षरांच्या वळणातलं साम्य पाहून लावलेला आहे. हाताला तो सोयीचा. डोळ्याला आणि अर्थाला सोयीचा क्रम आणखी वेगळा असतो. म, क, र, ल अशी चार-पाच अक्षरं आणि त्यांच्यासोबत लगेच काना घेतला, तर पहिल्या काही आठवड्यांतच मामा, काका, मका, मला, कर अशा मुलाच्या तोंडातल्या शब्दांपर्यंत पोचता येतं. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत कानामात्रा लांबवल्या, तर ‘पवन फणस उचल’ अशी वाक्यं वाचावी लागतात. तसं कुठलंही मूल कधी बोलत नाही, आणि वाचन म्हणजे निरर्थक आवाज काढणं, असा धडा ते त्यातून मनात पक्का करतं.

लेखनाचंही असंच. एका मुलीने वहीत लिहिलं: ‘आइ बजारात गेलि’. लाल पेन हातात असेल तर तीन गोळे दिसतात. नीट पाहिलं तर दिसतं की तिने आपल्या मनातलं वाक्य स्वतः लिहिलं आहे, शब्द सुटे केले आहेत, ‘बाजार’ला ‘त’ जोडून अर्थ साधला आहे, इकार ऐकून वेलांटी काढली आहे. ऱ्हस्व-दीर्घ आणि एक काना तेवढा राहिला आहे. अशा लेखनातून मूल आवाज आणि खूण यांची सांगड स्वतःहून घालत असतं. फळ्यावरून उतरवलेल्या दहा शुद्ध ओळींपेक्षा ही एक ओळ शिक्षकाला जास्त सांगते.

आता गणित. मुलाला शंभरपर्यंत म्हणता आलं की घरात कौतुक होतं. म्हणता येणं चांगलंच, पण त्याला मोजणं म्हणत नाहीत. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८मध्ये मोजण्यामागची तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच संख्यानाम द्यायचं. नावांचा क्रम बदलायचा नाही. शेवटी उच्चारलेलं नाव म्हणजे एकूण किती. यातलं शेवटचं तत्त्व वर्गात सहज तपासता येतं. मुलापुढे नऊ चिंचोके ठेवा. ते बोट लावत ‘एक, दोन... नऊ’ असं बरोबर मोजतं. मग विचारा, “तर मग किती झाले?” काही मुलं चटकन ‘नऊ’ म्हणतात. काही पुन्हा ‘एक, दोन’ सुरू करतात. त्यांच्यासाठी ‘नऊ’ हे शेवटच्या चिंचोक्याचं नाव आहे, सगळ्यांचं मिळून नाही. या दुसऱ्या मुलांना बेरजेची उदाहरणं दिली, तर ती बोटं मोजून उत्तर काढतीलही, पण संख्या त्यांच्या हाती लागलेली नसते.

बेरजेतही पायऱ्या असतात. आठ आणि पाच मिळवताना एक मूल आधी आठ मोजतं, मग पाच, मग सगळे पुन्हा एकपासून. दुसरं आठ मनात धरून ‘नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा’ असं पुढे जातं. तिसरं पाचातले दोन आठाला देऊन दहा करतं, उरलेले तीन जोडतं. तिघांचंही उत्तर तेरा. वहीत तिघांनाही बरोबरची खूण मिळते. पण पुढच्या वर्षी हातच्याची बेरीज आली की तिसरं मूल सहज चालतं आणि पहिलं अडखळतं. म्हणून पहिलीत उत्तरापेक्षा ‘कसं काढलंस?’ हा प्रश्न जास्त मोलाचा.

मराठी संख्यानामं हा इथला खास पेच आहे. ‘सत्तेचाळीस’ ऐकताना सात आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी लिहायचे. त्यामुळे मूल ७४ लिहितं. ‘पंचवीस’चे ५२ होतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावं पुढच्या दशकातून एक वजा करून बनलेली आहेत, आणि नव्व्याण्णवपाशी हा नियमही मोडतो. अकरापासून नव्व्याण्णवपर्यंतची बहुतेक नावं मुलाला एकेक करून लक्षात ठेवावी लागतात. शेजारच्या कन्नडमध्ये विसानंतर दशक आधी, मग एकक असा सरळ क्रम आहे. चिनी-जपानी मुलांना तर ‘दहा-एक, दहा-दोन’ असंच म्हणायचं असतं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’, ‘नव्वद दोन’ अशी जोडनावं देण्यात आली, तेव्हा मोठा वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण शांतपणे समजावून सांगितली. वाद भाषेच्या अस्मितेचा झाला आणि मूळ प्रश्न, म्हणजे मूल ७४ का लिहितं, बाजूला पडला. रूढ नावं जपूनही तो सोडवता येतो. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, दहा-दहाचे रंग बदलत ओवलेल्या शंभर मण्यांची गणितमाळ, ‘चाळीस आणि सात म्हणजे सत्तेचाळीस’ असं रोज मोठ्याने म्हणणं, एवढ्यानेही फार फरक पडतो. सेमी-इंग्रजी वर्गांत पेच दुहेरी होतो. शाळेत ‘फॉर्टी-सेव्हन’, घरी सत्तेचाळीस. पाटीवर देवनागरी ‘१’, तर नोटेवर आणि मोबाइलवर अगदी वेगळा दिसणारा एक.

हे सगळं आजच कुणाच्या लक्षात आलं आहे, असं नाही. महाराष्ट्रात लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार जुना आहे आणि त्यात वेगवेगळे प्रवाह आहेत. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवत असे. व्यवहारासाठी मोडी, पोथीसाठी बाळबोध. गणितात पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. त्या शिक्षणाचा हेतू स्पष्ट होता: बाजारात, कुळकर्ण्याच्या दप्तरात, सावकाराच्या पेढीवर हिशेब चुकू नये. तोंडी गणिताची ती ताकद आजही हेवा वाटावी अशी होती. पण ती मोजक्या जातींच्या मुलग्यांपुरती होती आणि छडीच्या धाकावर उभी होती. महात्मा फुले यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली, आणि त्यासोबत काय शिकवावं तेही सांगितलं: वाचन, मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसा पगार असावा, हेही त्यात होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पहिलीच्या वर्गात बहुजनांचं मूल आलं, ते या लढ्यातून.

दुसरा प्रवाह बालशिक्षणाचा. मारिया माँटेसरी यांनी १९०७मध्ये रोममधल्या कामगारवस्तीत बालगृह काढलं. अक्षर बोटाने चाचपून शिकायचं, दशमान पद्धत मण्यांच्या माळांतून हाताळायची, हा त्यांचा विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरमध्ये रुजवला. तिथेच १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. ताराबाई मोडक यांनी हे काम १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७मध्ये कोसबादच्या टेकडीवर नेलं. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्या अडून बसल्या नाहीत. बिया, शिंपले, पानं, काड्या यांतून साधनं घडली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी उभी राहिली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अनुताई वाघांनी हे काम आयुष्यभर पुढे नेलं. देशभरच्या अंगणवाड्यांना ज्या प्रयोगातून नाव मिळालं, तो खेड्यातल्या अंगणात झाला होता, हे पहिलीच्या शिक्षकाने विसरू नये.

तिसरा प्रवाह वाचनपद्धतींच्या वादाचा. डी.एड.च्या पुस्तकांत वर्णपद्धती, शब्दपद्धती, वाक्यपद्धती अशी नावं अनेक पिढ्यांनी पाठ केली. अमेरिकेत या वादाला युद्धाचं रूप आलं. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५मध्ये अक्षर-ध्वनी शिकवत नाहीत म्हणून शाळांना धारेवर धरलं. जीन चॉल यांनी १९६७मध्ये उपलब्ध संशोधन तपासून ध्वनी सुरुवातीपासून पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी उलट मांडणी केली, की वाचक अर्थाच्या आधारे अंदाज बांधत पुढे जातो. त्यातून समग्र भाषा पद्धतीला बळ मिळालं. २०००मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीच्या अहवालाने ध्वनीची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, ओघ, शब्दसंपत्ती आणि आकलन अशी पाच अंगं पुढे ठेवली. आपल्याकडे कृष्णकुमार यांनी मुलाचं बोलणं हाच भाषाशिक्षणाचा पाया आहे, हे ठासून सांगितलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने, कोल्हापुरात लीला पाटील यांच्या सृजन आनंद विद्यालयाने, ऐने येथे रमेश पानसे यांच्या ग्राममंगलने आणि पालघर जिल्ह्यात नीलेश निमकर यांच्या क्वेस्टने मराठी वर्गात या विचारांची कसोटी घेतली. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली यादगीर आणि वाडा इथल्या मुलांचा पहिली ते तिसरी असा सलग अभ्यास झाला. वर्गाचा बहुतेक वेळ उतरवून काढण्यात आणि सामूहिक घोकण्यात जातो, आकलनाला आणि स्वतःच्या लेखनाला जवळपास जागाच नसते, हे त्यात स्पष्ट दिसलं.

गणितात ज्याँ पियाजे यांनी संख्येची समज मूल स्वतः रचतं, असं दाखवलं. नेदरलँडमध्ये हान्स फ्रॉइडेन्थाल यांनी गणित मुलाच्या जगातल्या प्रसंगांतून उभं करण्याचा आग्रह धरला. दिल्लीच्या जोडो ज्ञान संस्थेने गणितमाळ आणली, मुंबईच्या नवनिर्मिती संस्थेने स्वस्त साधनांच्या पेट्या शाळांत पोचवल्या. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत हा विचार प्रत्यक्षात आणून दाखवला. फरशीवर आखलेले तक्ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. पुढे अनेक शाळांनी तक्ते तेवढे रंगवले आणि त्यामागचा विचार मागे राहिला. साधन उचलणं सोपं असतं. मुलाच्या उत्तरामागची वाट ऐकण्याची सवय लावून घ्यायला वेळ लागतो.

हे सगळं आजच निकडीचं का, त्याला कारणं आहेत. ‘असर’च्या २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण पाच मुलांपैकी एकालाच दुसरीचा मजकूर वाचता आला, २०२४मध्ये हे प्रमाण साधारण चारात एक इतकं सुधारलं. हातच्याची वजाबाकी २०२४मध्ये तिसरीतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना जमली. महासाथीत ज्यांची पहिली घरातच गेली, ती मुलं आज वरच्या वर्गांत आहेत आणि तो पाया अनेकांचा अजून कच्चा आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२०मध्ये तीन ते आठ वर्षं हा एक सलग टप्पा मानला. जुलै २०२१मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, अंकगणिताच्या मूलभूत क्रिया याव्यात, असं उद्दिष्ट २०२६-२७साठी ठरलं. पहिलीसाठी ९९पर्यंतच्या संख्या, दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, असे टप्पेही आखले गेले.

उद्दिष्ट हवंच होतं. काळजी आहे ती मोजण्याच्या रीतीची. मिनिटाला किती शब्द, हे घड्याळ लावून चटकन कळतं. वाचलेलं कळलं का, हे कळायला मुलाशी बोलावं लागतं. शाळेला पहिलंच विचारलं गेलं, तर शिक्षक तेवढंच करून घेणार आणि आपण घोकंपट्टीचं जुनंच दुकान नव्या पाटीखाली चालवणार. २०२५मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली आणि शासनाला आपले दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. त्या चर्चेत भाषांची नावं खूप आली. पहिलीच्या मुलाला त्याच्या पहिल्या भाषेत वाचायला नेमकं कसं शिकवलं जातं, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

आणि ‘पहिली भाषा’ तरी कोणती? मेळघाटात मूल कोरकू बोलत येतं, भामरागडमध्ये माडिया, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली, वाड्यात वारली किंवा कातकरी, तांड्यावर बंजारा. त्या मुलाला ‘काकडी’ ही खूण आणि आवाज तर शिकायचाच असतो, पण तो शब्दही कदाचित त्याच्या घरचा नसतो. गफ-टनमर यांच्या गुणाकारातला दुसरा घटक इथे शाळेच्या दारातच शून्याजवळ येतो. मुलाच्या बुद्धीशी याचा काही संबंध नाही. शाळेने त्याची भाषा ऐकली नाही, एवढाच याचा अर्थ. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास वर्गातून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अक्षरांचा क्रम, संख्यांची बांधणी यांतला नेमका कळीचा भाग त्यांच्या गैरहजेरीत होऊन जातो. दुसरीत आल्यावर त्यांच्यावर ‘अप्रगत’ असा शिक्का बसतो. या मुलांचा विचार न करणारी कोणतीही पद्धत, कितीही शास्त्रशुद्ध असली तरी, अपुरी आहे.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत पुस्तक काय करू पाहतं? यातले लेख पहिलीच्या वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षकांनी लिहिले आहेत. त्यांना कोणत्याही एका पद्धतीची बाजू लढवायची नाही. ध्वनी आणि अक्षरं क्रमाने, नेमाने शिकवावीत, आणि त्याच दिवशी, त्याच मुलांना गोष्ट वाचून दाखवावी, त्यावर बोलू द्यावं, स्वतःचं काही लिहू द्यावं, ही त्यांची भूमिका आहे. गणितात वस्तू, चित्र आणि चिन्ह यांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालू ठेवावी. सराव भरपूर द्यावा, पण समजलेल्या गोष्टीचा. हे बोलायला सोपं आहे. पस्तीस मुलं, एक शिक्षक आणि मधूनच येणारी माहिती भरण्याची कामं यांत ते कसं बसवायचं, याचे तपशील लेखकांनी दिले आहेत: दिवसाची आखणी, गट कसे करावेत, कोणत्या मुलाशी कधी बोलावं, नोंदी किती आणि कशासाठी ठेवाव्यात. काही प्रयोग फसलेही, आणि ते का फसले हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. अशा नोंदी मराठीत फार कमी आहेत, म्हणून त्यांचं मोल जास्त.

ज्यांना या विषयाचा परिचय नाही, त्यांनी वाचन आणि गणित हे दोन्ही भाग सलग वाचावेत. एकाच मुलाच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात, आणि शाब्दिक उदाहरणापाशी त्या एकमेकींना भेटतात. पालकांनी गृहपाठ तपासण्याआधी मुलांच्या चुकांवरचे लेख वाचावेत. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनी विशेष लक्ष द्यावं ते वर्गाच्या वेळेसंबंधीच्या लेखांकडे, कारण तो वेळ वाचवणं त्यांच्याच हाती आहे. शासनाकडून काय हवं, हेही या लेखांतून निघतं: पहिली-दुसरीला सलग तोच शिक्षक मिळावा, तो या वर्गांच्या कामात तयार झालेला असावा, आणि प्रत्येक वर्गात मुलांच्या हाताला येतील अशी गोष्टींची पुस्तकं असावीत. यातली एकही मागणी अवाजवी नाही.

शिक्षक वाचकांना एक विनंती. पुस्तक मिटल्यावर नवं साधन विकत घेऊ नका, नवा तक्ताही रंगवू नका. आठवडाभरात वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवा. त्याला एक छोटी गोष्ट वाचून दाखवा आणि त्याच्या शब्दांत सांगू द्या. तीन-चार शब्द वाचायला द्या, एक वाक्य त्याच्या मनचं लिहू द्या, मूठभर बिया मोजायला सांगा आणि ‘कसं काढलंस?’ असं विचारून उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. जे ऐकाल ते लिहून ठेवा. पुढच्या सोमवारी काय शिकवायचं, ते त्या कागदावर असेल.